एक घोंगडी आणि एक फीत

१७७५ सालच्या वसंतात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांताच्या बंडखोर सभेने एक लहानसा ठराव केला. स्टॉकब्रिज गावच्या ज्या इंडियनांनी आपल्या बाजूने लढण्यासाठी नावे नोंदविली आहेत, त्यांतील प्रत्येकास एक घोंगडी आणि एक फीत द्यावी, असा तो ठराव. इंग्लंडच्या राजाशी उघड युद्ध अजून सुरू व्हावयाचे होते. तोफा नव्हत्या, दारूगोळा अपुरा होता, तिजोरी रिकामी होती. पण घोंगडी आणि फीत यांची तरतूद झाली. त्या फितीचे पुढे काय झाले हे कोणी लिहून ठेवलेले नाही. ती अंगावर मिरवणाऱ्या माणसांचे काय झाले, ते मात्र बरेचसे लिहिलेले आहे, आणि तेच आज वाचकांना सांगावयाचे आहे.

आधी त्या 'इंडियन' शब्दाचा उलगडा करायला हवा. कोलंबसाने आपल्या शोधात निघून दुसऱ्याच किनाऱ्यावर पाऊल ठेवले आणि तेथल्या माणसांना आपले नाव देऊन टाकले. तेव्हापासून ते बिचारे 'इंडियन' झाले. या प्रकरणात आपला संबंध एवढाच, असे मात्र कोणी समजू नये. १६ डिसेंबर १७७३ रोजी बॉस्टनच्या बंदरात जो चहा समुद्रात ओतण्यात आला, तो ईस्ट इंडिया कंपनीचा होता. तीच ती कंपनी, जिचा मुंबईचा कारभार त्याच सुमारास पुण्याच्या गादीच्या भांडणात नाक खुपसण्याची तयारी करीत होता. आणि मौजेची गोष्ट अशी की, चहा ओतणाऱ्या गोऱ्या मंडळींनी त्या रात्री सोंग घेतले होते ते इंडियनांचेच! स्वातंत्र्याच्या नाटकात इंडियनाचा वेष घालणे सोपे होते. खऱ्या इंडियनाला त्यात कोणती भूमिका मिळाली, हा निराळा प्रश्न.

स्टॉकब्रिज हे गाव मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम टोकाला, बर्कशायरच्या टेकड्यांत, हाउसाटॉनिक नदीच्या वळणावर वसलेले आहे. आजही ते लहानच आहे. तेथले मूळचे लोक मोहिकन. आपल्या भाषेत ते स्वतःला 'कधीही स्थिर नसणाऱ्या पाण्याचे लोक' म्हणवीत. त्यांचे जुने ठाणे हडसन नदीकाठी होते, आणि ती नदी समुद्राच्या भरतीमुळे वरही वाहते आणि खालीही वाहते, म्हणून हे नाव. पुढे त्यांच्या नशिबी जी पायपीट आली ती पाहिली म्हणजे हे नाव फारच अचूक पडले असे वाटते.

१७३४ साली जॉन सार्जंट नावाचा तरुण पाद्री त्यांच्यात येऊन राहिला. कोंकापॉट आणि उंपाचीनी या दोन मुखियांनी बराच विचार करून त्याला ठेवून घेतले. रोगराईने आणि गोऱ्यांच्या दारूने जमात खंगत चालली होती. शाळा आली, शेती आली, राजाचे छत्र आले, तर आपण तगू, असा त्यांचा हिशेब असावा. १७३९ साली रीतसर सनद मिळून 'इंडियन टाउन'चे स्टॉकब्रिज झाले. गावाच्या हद्दीत सहा मैल लांब व सहा मैल रुंद जमीन होती. इंडियनांना सुधारलेल्या जीवनाचा नमुना दिसावा म्हणून फक्त चार इंग्रज कुटुंबे तेथे वसवावीत, असे ठरले. सुरुवातीला गावच्या कारभाऱ्यांत गोरे व इंडियन एकत्र बसत, आणि ही गोष्ट त्या काळच्या अमेरिकेत दुर्मिळ होती.

चारांची चाळीस व्हायला किती वेळ लागतो! नमुना म्हणून आलेल्यांपैकी एफ्राइम विल्यम्स नावाच्या गृहस्थाने टेकडीवरची उत्तम जमीन गिळायला प्रारंभ केला. मग नातलग आले, नातलगांचे नातलग आले. इंडियनाला दुकानात उधारी मिळे, उधारीचे कर्ज होई, आणि प्रांतिक सरकारने कर्ज फेडण्यासाठी जमीन विकण्याची परवानगी देताच कर्जाची जमीन होई. महाराष्ट्रातल्या वाचकाला ही सावकारी रीत समजावून सांगण्याची गरज नाही. क्रांतीचे वारे वाहू लागले तेव्हा आपल्याच नावाने वसलेल्या गावात मोहिकन लोक अल्पसंख्य झाले होते.

आता येथे डॅनियल निमहॅमची ओळख करून दिली पाहिजे. हा वॉपिंजर जमातीचा शेवटचा मोठा मुखिया. त्याच्या लोकांची जमीन न्यूयॉर्क प्रांतात हडसनच्या पूर्वेला होती, थोडीथोडकी नव्हे, सुमारे दोन लाख एकर. फ्रेंचांशी युद्ध सुरू झाले तेव्हा निमहॅम आपली माणसे घेऊन इंग्रज राजाच्या बाजूने लढायला गेला. बायकामुले सुरक्षित राहावीत म्हणून त्याने ती स्टॉकब्रिजला नेऊन ठेवली. पुरुष रणात, कुटुंबे परगावी. एवढ्या अवधीत फिलिप्स नावाच्या जमीनदार घराण्याने ती जमीन आपलीच असल्याचे कागद पुढे केले आणि कुळे वसविली. युद्ध जिंकून निमहॅम परतला तो भूमिहीन होऊन.

हा माणूस स्वस्थ बसणारा नव्हता. त्याने न्यूयॉर्कच्या दरबारात फिर्याद केली. तेथे न्याय देणारे स्वतःच जमीनदार होते. तेव्हा १७६६ साली तो आणि स्टॉकब्रिजचे तीन मोहिकन म्होरके, आपल्या बायकांसह, गलबतात बसून थेट लंडनला गेले. पुण्याहून सनद-वतनाच्या तंट्यासाठी कोणी दिल्लीला जावे, तशातला हा प्रकार. फक्त मध्ये अटलांटिक महासागर होता. लंडनला व्यापारमंडळाच्या अधिकाऱ्यांनी कागद पाहिले आणि यांच्या बाजूने चौकशी व्हावी असा अनुकूल अभिप्राय दिला. मंडळी आनंदाने परत आली. १७६७ साली न्यूयॉर्कचे गव्हर्नर व त्यांचे मंडळ यांच्यापुढे पुन्हा सुनावणी झाली आणि फिर्याद फेटाळण्यात आली. लंडनचा अभिप्राय लंडनलाच राहिला.

हे सारे ध्यानात ठेवले म्हणजे १७७५ साली निमहॅम आणि स्टॉकब्रिजचे मोहिकन राजाविरुद्ध का उभे राहिले, याचे कोडे उरत नाही. भोवतालच्या बहुतेक इंडियन जमातींनी निराळा विचार केला. राजा दूर आहे, जमीन खाणारा गोरा मात्र शेजारी आहे, तेव्हा राजाच बरा, असा त्यांचा सरळ तर्क होता. मोहिकनांनी राजाची परीक्षा घेऊन पाहिली होती. शिवाय ज्या गोऱ्यांबरोबर एका देवळात बसायचे, एका बाजारात जायचे, त्यांच्याशी वैर धरून चाळीस वर्षांच्या गावात राहता येत नाही. काहींना पगाराचाही मोह असेल. पण लंडनला जाऊन आलेल्या तिघांपैकीच सॉलोमन हा मुखिया १७७५ मध्ये बंडखोर सभेशी बोलणी करीत होता, हे पाहिले म्हणजे केवळ फितीच्या लोभाने ही माणसे गेली असे म्हणवत नाही. आपण या लढाईत उतरलो तर लढाईनंतर आपली दाद लागेल, अशी त्यांची अटकळ होती.

कर्नल जॉन पॅटरसनच्या पलटणीत, स्टॉकब्रिजच्याच कॅप्टन गुडरिचच्या तुकडीत, हे इंडियन शिपाई दाखल झाले आणि बॉस्टनच्या वेढ्यात जाऊन बसले. पुढे तीन वर्षे ते ठिकठिकाणी लढले. त्यांच्या वेषाचे एक चांगले वर्णन आपल्याला मिळते, ते शत्रूकडून! राजाने भाड्याने आणलेल्या जर्मन फौजेत योहान एवाल्ड नावाचा एक कॅप्टन होता. तो रोजनिशी लिही आणि चित्रेही काढी. त्याने स्टॉकब्रिजचा शिपाई रेखाटला आहे. गुडघ्यापर्यंत जाडेभरडे तागाचे सदरे, पायघोळ तागाचाच पायजमा, हरणाच्या कातड्याची पादत्राणे, झाडाच्या सालीची टोपी, हाती बंदूक, पाठीवर वीसेक बाणांचा भाता, कमरेला आखूड कुऱ्हाड. नाकाकानात वाळ्या आणि डोईवर फक्त शेंडीएवढे केस. बंदूक आणि बाण एकाच अंगावर! दोन युगे एका माणसाने पेलली होती.

एवाल्डला हे चित्र जवळून पाहता आले त्याचे कारण दुःखद आहे. त्याने पाहिले ती प्रेते होती.

३१ ऑगस्ट १७७८. न्यूयॉर्क शहर राजाच्या ताब्यात होते आणि त्याच्या उत्तरेस किंग्जब्रिजजवळच्या शेतांतून दोन्ही बाजूंच्या टेहळणी तुकड्या फिरत असत. स्टॉकब्रिजच्या तुकडीचा कॅप्टन आता डॅनियलचा मुलगा अब्राहम निमहॅम होता आणि वृद्ध बाप त्याच्या बरोबर होता. आदल्या दिवशी त्यांची शत्रूशी चकमक झाली होती आणि ती त्यांना अनुकूल गेली होती. दुसऱ्या दिवशी कर्नल सिम्को याने सापळा लावला. समोरून एमेरिकचे पायदळ, एका बगलेला सिम्कोचे रेंजर, दुसरीकडून टार्लटनचे घोडेस्वार. इंडियनांचे लक्ष समोरच्या तुकडीवर असताना दोन्ही बाजू बंद झाल्या. त्यांनी ओरडून गोळीबार केला, स्वारांना घोड्यांवरून ओढून पाडले, कुंपणाआड उभे राहून झुंज दिली; पण उघड्या शेतात पायी माणूस आणि तलवार उपसलेला स्वार यांची बरोबरी किती वेळ टिकणार? स्वतः सिम्कोने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे की, म्हातारा निमहॅम आपल्या लोकांना पळून जाण्यास सांगत होता, आणि आपण मात्र म्हातारे आहोत, येथेच मरू, असे म्हणत होता. त्याने सिम्कोला जखमी केले. सिम्कोच्या हुजऱ्याने त्याला ठार केले. अब्राहमही पडला.

किती जण मेले याबद्दल त्या वेळच्या कागदांत एकवाक्यता नाही. सतरा ते चाळीसच्या घरातले आकडे येतात. शहरासाठी चाळीस हा आकडा काहीच नव्हे. पण ज्या गावात अशी थोडीच घरे होती, तेथे त्या आठवड्यात विधवा झालेल्या बायका किती आणि कर्ते पुरुष उरलेली घरे किती, याचा हिशेब वाचकांनीच मनात करावा. ही जागा आज न्यूयॉर्कमधील व्हॅन कोर्टलँड उद्यानात आहे. १९०६ साली तेथे दगड बसवून त्यावर निमहॅम व सतरा इंडियनांचा उल्लेख केला गेला. त्यानंतर पाचच महिन्यांनी, जानेवारी १७७९ मध्ये, वडगावला मुंबईकर इंग्रजांची कोंडी होऊन त्यांना तह लिहून द्यावा लागला. पृथ्वीच्या दोन टोकांना एकाच राजाची माणसे एकाच हिवाळ्याच्या आगेमागे लढत होती, हे आपण शाळेत दोन वेगळ्या पुस्तकांत वाचतो, म्हणून ध्यानात राहत नाही.

मी स्टॉकब्रिजकडे वळलो तो मात्र निमहॅमच्या वाटेने नव्हे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील सदाचारी लोकांना, त्यांनी काळ्या गुलामांना मुक्त केल्याच्या आदरार्थ, अर्पण केले, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. ती अर्पणपत्रिका वाचताना माझ्या मनात प्रश्न आला की, गुलामांची मुक्ती ही केवळ गोऱ्यांनी दिलेली देणगी होती काय? काळ्या माणसाने स्वतः काय केले? क्रांतियुद्धात अमेरिकनांच्या बाजूने सुमारे पाच हजार काळे शिपाई लढले असावेत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. याहून कितीतरी अधिक गुलाम राजाच्या छावणीकडे पळाले, कारण राजाच्या गव्हर्नराने १७७५ साली त्यांना स्वातंत्र्याचे आमिष दाखविले होते. आणि स्वातंत्र्याच्या घोषणा करणाऱ्यांनी ते दाखविले नव्हते. वॉशिंग्टननेही प्रथम काळ्यांची भरती बंद केली. मग माणसे कमी पडू लागली, तेव्हा दार किलकिले झाले. या शोधात मला एक पोलिश सेनानी भेटला, सेनानीच्या मागे त्याचा काळा हुजऱ्या भेटला, आणि तो हुजऱ्या कोठला म्हणून पाहिले तर स्टॉकब्रिजचा!

त्याचे नाव ॲग्रिपा हल. गावात सारे 'ग्रिपी' म्हणत. १७५९ साली नॉर्थहॅम्प्टन येथे तो स्वतंत्र आईबापांच्या पोटी जन्मला. बाप लवकर वारला. पोर सहा-सात वर्षांचे असताना आईने ते स्टॉकब्रिजला एका काळ्या कुटुंबाच्या आश्रयाला पाठविले. म्हणजे त्याचे बालपण मोहिकन मुलांच्या संगतीत गेले. १ मे १७७७ रोजी, अठराव्या वर्षी, त्याने युद्ध संपेपर्यंत म्हणून फौजेत नाव घातले. बहुतेक गोरे शिपाई वर्ष-सहा महिन्यांसाठी नाव घालीत आणि पेरणीच्या वेळी घरी जात. काळे शिपाई पुष्कळदा असे 'शेवटपर्यंत'चे असत. त्यांची पेरणी अडून राहिली नव्हती.

प्रथम तो जनरल पॅटरसनचा (तोच तो इंडियनांचा कर्नल) हुजऱ्या झाला. साराटोगाची लढाई, मग व्हॅली फोर्जचा तो उपासमारीचा हिवाळा त्याने पाहिला. दोन वर्षांनी तो तादेउश कोश्चुश्को याच्या दिमतीस गेला. हा पोलंडचा इंजिनिअर; साराटोगाच्या टेकडीवरील मोर्चे आणि वेस्ट पॉइंटची तटबंदी ही त्याची कामे. चार वर्षांहून अधिक काळ हल त्याच्याबरोबर राहिला. दक्षिणेच्या मोहिमेत युटॉ स्प्रिंग्जच्या लढाईनंतर (सप्टेंबर १७८१) त्याला डॉक्टरांच्या मदतीला लावले होते. भूल देण्याची सोय त्या काळी नव्हती. शिपायाचा हात-पाय कापताना त्याला धरून ठेवणे, हे त्याचे काम. म्हातारपणीही ती आठवण निघाली म्हणजे तो शहारत असे.

पण गावच्या लोकांना त्याच्या तोंडून वारंवार ऐकायला आवडे ती गोष्ट निराळी. वेस्ट पॉइंटला असताना कोश्चुश्को नदीपलीकडे काही दिवसांसाठी गेला. धनी नाही, छावणी मोकळी! ग्रिपीने धन्याचा पोलिश गणवेष अंगावर चढविला, पिसांची टोपी घातली. बूट मात्र पायात शिरेनात. तेव्हा या पठ्ठ्याने अनवाणी पायांनाच बुटाचे काळे पॉलिश फासले आणि चकचकीत 'बूट' तयार केले. मग इतर काळ्या नोकरांना बोलावून धन्याच्या मद्यासह थाटाची मेजवानी झडू लागली. इतक्यात कोश्चुश्को अचानक परतला. मंडळी खिडक्यांतून पसार झाली. ग्रिपी पायांवर लोळण घेऊन शिक्षा मागू लागला. कोश्चुश्कोने त्याला उठविले. आफ्रिकेच्या राजपुत्राने कोणाच्या पायांवर पडणे शोभत नाही, असे म्हणून हात धरून साऱ्या छावणीत मिरविले, उच्चासनावर बसवून अधिकाऱ्यांकडून मुजरे करविले आणि एकामागून एक प्याले त्याच्या नावाने रिचविले व त्यालाही रिचवायला लावले. दुसऱ्या दिवशी ग्रिपीला जे भोगावे लागले, तीच शिक्षा.

गोष्ट हसविणारी आहे आणि हल स्वतःही हसतच ती सांगे. मला मात्र तीत एक सल जाणवते. चाबूक मारण्याचा अधिकार असता तो मारला नाही, ही कोश्चुश्कोची थोरवी खरी. पण काळ्या माणसाने राजाचा वेष घातला म्हणजे ती थट्टाच होते, हे गृहीत धरूनच सारी छावणी हसली.

कोश्चुश्को त्या हसण्यावर थांबला नाही, हे मात्र सांगितलेच पाहिजे. १७९८ साली अमेरिका कायमची सोडताना त्याने मृत्युपत्र केले. अमेरिकन सरकारकडून आलेली आपल्या पगाराची सारी रक्कम गुलाम विकत घेऊन त्यांना मुक्त करण्यात, त्यांना शिकविण्यात आणि पोटापाण्याला लावण्यात खर्च व्हावी, असे त्यात लिहिले आणि व्यवस्थापक म्हणून नेमले थॉमस जेफर्सनला. म्हणजे सर्व माणसे समान जन्मतात हे वाक्य ज्याच्या लेखणीतून उतरले आणि ज्याच्या घरी शेकड्यांनी गुलाम होते, त्यालाच! हवे तर तुझेच गुलाम सोडव, असे त्यात स्पष्ट होते. १८१७ साली कोश्चुश्को वारला. १८१९ साली जेफर्सनने ही जबाबदारी घेण्यास नकार दिला. तो म्हातारा झाला होता, कायद्याची गुंतागुंत होती, हे सर्व खरे. तरी माझ्याच्याने त्याला माफ करवत नाही. जेफर्सनच्या मृत्यूनंतर १८२७ च्या जानेवारीत त्याच्या गुलामांचा कर्जापायी लिलाव झाला. मृत्युपत्राचा दावा १८५२ पर्यंत चालला आणि पैसे युरोपातल्या वारसांकडे गेले. एकही गुलाम त्या पैशाने सुटला नाही.

जेफर्सनने जे केले नाही, ते स्टॉकब्रिजच्या शेजारच्या शेफील्ड गावातल्या एका दासीने आपल्यापुरते करून घेतले. बेट हे तिचे नाव. मॅसॅच्युसेट्सच्या १७८० च्या राज्यघटनेत सर्व माणसे स्वतंत्र व समान जन्मतात असे वाक्य आले होते. तिने वकील थिओडोर सेजविक याला गाठून विचारले की, मी मुकी जनावर नव्हे, तर हा कायदा मला का लागू नाही? मालकिणीने तापलेल्या फावड्याने केलेला घाव तिच्या दंडावर होता. तो ती झाकीत नसे. १७८१ साली ग्रेट बॅरिंग्टनच्या न्यायालयात ती जिंकली, आणि मालकाकडून तीस शिलिंग भरपाईही मिळाली. तिने एलिझाबेथ फ्रीमन असे नाव घेतले आणि स्टॉकब्रिजला सेजविकांकडे पगारी काम धरले. १८२९ साली वारली तेव्हा तिला सेजविकांच्या घराण्याच्या दफनभूमीत, त्यांच्या आप्तांत पुरले. ही बाई निरक्षर होती.

जुलै १७८३ मध्ये वेस्ट पॉइंटला हलला निरोप मिळाला. सहा वर्षे दोन महिन्यांची चाकरी. हातात कागद, कागदावर खुद्द वॉशिंग्टनची सही. गावी येऊन त्याने थोडी जमीन घेतली, मग आणखी घेतली. शेती, मजुरी, लग्नसमारंभातील वाढप्याची कामे. कोणतेही काम त्याने हलके मानले नाही. त्याची पहिली बायको जेन ही लेनॉक्सच्या एका धन्याकडून पळून आलेली होती. तिला सोडवून घेण्यात सेजविकने साह्य केले. दुसरी बायको पेगी जिंजरब्रेड आणि लग्नाचे केक करण्यात नावाजलेली होती. एका पळून आलेल्या गुलाम बाईची मुलगी या दांपत्याने आपल्या घरात वाढविली. एकदा मिश्रवर्णी पाद्र्याचे प्रवचन ऐकून बाहेर पडताना एका गोऱ्याने त्याला खवचटपणे विचारले की, काळ्याचे प्रवचन कसे वाटले? ग्रिपीने शांतपणे उत्तर दिले की, तो अर्धा काळा आणि अर्धा गोरा होता. माझा अर्धा मला आवडला, तुमचा अर्धा तुम्हाला आवडला असावा.

१८२८ साली निवृत्तिवेतनाचा प्रश्न निघाला. सरकार म्हणे, निरोपाचा मूळ कागद पाठवा. हलची अट अशी की, तो कागद परत मिळणार असेल तरच. सेजविकाच्या मुलाने त्याच्या वतीने वॉशिंग्टन शहरी लिहिले की, हा गृहस्थ पेन्शन सोडील, पण ती सही सोडणार नाही. कागद परत आला, पेन्शनही आली. १८४८ साली, नव्वदीच्या उंबरठ्यावर, हल वारला. गावच्या वाचनालयात त्याचे तैलचित्र आहे: पांढरे केस, हातात काठी, नजर थेट पाहणाऱ्याच्या डोळ्यांत.

मोहिकनांनाही वॉशिंग्टनच्या सहीचा कागद मिळाला. ८ जुलै १७८३ चा. स्टॉकब्रिजचे मोहिकन आमच्याशी एकनिष्ठ राहिले, आमच्या खांद्याला खांदा लावून लढले आणि त्यांनी रक्त सांडले, असे त्यात आहे. युद्धसमाप्तीबद्दल त्यांना एक बैल भाजून मेजवानी देण्याची आज्ञाही झाली. मेजवानी झाली. जमीन मात्र युद्धाच्या वर्षांत उरली-सुरली तीही कर्जाच्या पायी गेली होती. कर्ते पुरुष किंग्जब्रिजच्या शेतात पुरलेले. विधवांच्या दारात दुकानदार उभे. हलच्या कागदाने हलचे घर राखले, कारण त्याच्या नावावर जमीन होती ती त्याने स्वतः विकत घेतलेली होती आणि ती सामायिक नव्हती. मोहिकनांच्या कागदावर कोणी एक एकरही लिहिलेला नव्हता. १७८० च्या दशकातच जमातीतील बहुतेकांनी घरे सोडली आणि न्यूयॉर्क प्रांतात ओनायडा इंडियनांनी दिलेल्या जागेवर नवे स्टॉकब्रिज वसविले.

निमहॅमनंतर त्यांचा कॅप्टन झाला हेंड्रिक ऑपॉमट. हा स्टॉकब्रिजचाच, १७५७ चा जन्म, मिशनच्या शाळेत शिकलेला. १७९० नंतर नव्या सरकारने त्याला पश्चिमेकडच्या जमातींकडे वकील म्हणून पाठविले. अमेरिकन लोक विश्वासू आहेत, त्यांच्याशी तह करा, असे त्याने त्यांना सांगावयाचे होते. आपल्या अहवालात त्याने प्रांजळपणे लिहिले आहे की, आमच्या जमिनी गोऱ्यांनी कशा बळकावल्या हे सांगण्याजोगे पुष्कळ असूनही मी त्या बैठकीत ते बोललो नाही. इतक्या स्वच्छ शब्दांत स्वतःच्या मौनाची नोंद करणारा वकील मी दुसरा पाहिलेला नाही. नवे स्टॉकब्रिजही टिकले नाही. ऑपॉमट १८३० साली वारला तो दूर विस्कॉन्सिनमध्ये, आणि जमातीचे वंशज आजही त्याच राज्यात आहेत.

यॉर्कटाउनला शरण आलेला सेनापती कॉर्नवॉलिस याला मात्र हरल्याची शिक्षा फारशी भोगावी लागली नाही. १७८६ साली तो कलकत्त्याला गव्हर्नर जनरल होऊन आला आणि टिपूवरील स्वारीत हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा त्याच्या जोडीला होत्या.

१८७७ साली स्टॉकब्रिजच्या गावकऱ्यांनी इंडियनांच्या जुन्या दफनभूमीवर एक दगड उभा केला आणि 'आमच्या पूर्वजांचे मित्र' असे त्यावर कोरले. तोपर्यंत ते मित्र हजार मैलांवर गेलेले होते. १७४५ साली लंडनहून मिशनला भेट आलेले दोन भारी बायबल ग्रंथ जमातीने पेटीत घालून प्रत्येक स्थलांतरात बरोबर नेले होते. विसाव्या शतकात ते विकले जाऊन स्टॉकब्रिजच्या मिशन हाउसात काचेआड ठेवले गेले. जमातीने दाद मागितली, आणि शतकाच्या अखेरीस ते विस्कॉन्सिनला परत गेले. २०२१ साली गावाजवळच्या मॉन्युमेंट डोंगरावरील पायवाटेला मोहिकनांचे नाव देण्यात आले आणि शिखराचे जुने अपमानास्पद नाव काढून टाकले. २०२२ साली न्यूयॉर्क राज्यात फिशकिल येथे, निमहॅमच्या गमावलेल्या मुलखात, त्याचा पुतळा उभा राहिला. जमातीच्या ऐतिहासिक वारशाचे एक कार्यालय आता मॅसॅच्युसेट्समध्येच, विल्यम्सटाउनला आहे. स्टॉकब्रिजपासून मोटारीने ते तासाभराच्या अंतरावर आहे, आणि ते गाव ज्याच्या नावाने वसले तो एफ्राइम विल्यम्स, जमीन गिळणाऱ्या त्या पहिल्या एफ्राइमचा मुलगा.